पंडिता रमाबाईंची प्रार्थना

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले. जवळ बसलेल्या एका भगिनीला त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी वाटल्या. असा घोटाळा पुष्कळांचा होतो, म्हणून आधीच सांगते. रानड्यांच्या रमाबाई वेगळ्या. या रमाबाई डोंगऱ्यांच्या. दोघींची ओळख 1882 साली पुण्यात झाली आणि दोघींनी बायकांसाठी जन्मभर कष्ट घेतले, एवढे साम्य मात्र खरे.

पंडिताबाईंच्या विद्वत्तेविषयी आणि शारदा सदनाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगायचे आहे ते त्यांच्या प्रार्थनेविषयी. घरात दुखणे आले, माणूस गेले, पैशाची ओढाताण झाली की देवापुढे बसून नक्की काय बोलावे, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकीला पडतो. मग ती अंबाबाईच्या देवळात जाणारी असो की वाइल्डर चर्चमध्ये. बहुतेक वेळा आपण पाहुण्यापुढे बसावे तशा देवापुढे बसतो. पदर सावरून, सर्व ठीक आहे असे दाखवून, पाठ केलेले शब्द म्हणून उठतो. रमाबाईंना हे कधी जमले नाही.

त्यांचा जन्म 1858 सालचा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. पेशव्यांच्या घरातली बाई संस्कृत श्लोक म्हणते हे त्यांनी तरुणपणी पुण्यात पाहिले, आणि बायकोला शिकवायचेच असा ध्यास घेतला. लोकांनी छळले तेव्हा रानात घर बांधून त्यांनी लक्ष्मीबाईंना शिकवले. पुढे लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून धाकट्या रमेला शिकवले. भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीला मुखोद्गत झाले. आता सर्व कुटुंब तीर्थयात्रा करीत हिंडे. देवळाच्या ओवरीत बसून पुराण वाचावे आणि लोक जे देतील त्यावर राहावे, असा क्रम होता.

मग दुष्काळ आला. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात या कुटुंबाजवळचे होते नव्हते ते सर्व संपले. दागिने गेले, भांडी गेली, वस्त्रे गेली. पोटात अन्न नसतानाही नेमधर्म चालूच होता. स्नाने, जप, पाठ, काही चुकले नाही. शेवटी ही माणसे रानात शिरली आणि अकरा दिवस पाने व थोडा रानखजूर खाऊन राहिली. वडिलांची दृष्टी गेली होती. जलसमाधी घ्यावी असे त्यांनी ठरवले आणि एकेका मुलाला जवळ घेऊन निरोप दिला. थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि मी मजुरी करीन असे म्हणाला, म्हणून तो बेत राहिला. पण वडील काही दिवसांतच गेले. जाण्यापूर्वी त्यांनी या लाडक्या धाकट्या मुलीला कवटाळून, जन्मभर देवाची सेवा कर एवढेच सांगितले.

थोड्याच दिवसांत आईने अंथरूण धरले. तिला बाजरीची भाकरी खावीशी वाटली. रमाबाई एका ब्राह्मणाच्या घरी मागायला गेल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. लाजेने आणि दुःखाने घसा दाटून आला. त्या घरच्या बाईनेच ओळखून भाकरी दिली. धावत आणली तर आईला खाण्याची शक्ती उरली नव्हती. आई गेली, तेव्हा खांदा द्यायला दोनच ब्राह्मण मिळाले. तिसरा भाऊ, आणि चौथी ही सोळा वर्षांची मुलगी. उंची कमी पडली म्हणून तिने तिरडीची बाजू डोक्यावर घेतली आणि तशी मसणापर्यंत चालत गेली. त्यानंतर बहीणही गेली.

हे सर्व रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे, आणि झाकून काही ठेवलेले नाही. सर्व विधी केले तरी उत्तर का आले नाही, हा प्रश्न त्यांनी मनात दाबला नाही. आईबापांच्या भक्तीची कधी टिंगल केली नाही, आणि स्वतःचा राग लपवलाही नाही.

पुढची वर्षे थोडक्यात सांगते. भाऊबहीण काश्मीरपर्यंत पायी हिंडली. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, मनोरमा जन्मली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा, इतकी माणसे या बाईने पोचवली.

1883 साली वैद्यक शिकण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिल्यामुळे ते शिक्षण राहिले. त्याच वर्षी वाँटेज येथील भगिनींच्या मठात मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. इकडे गहजब झाला तो प्रसिद्धच आहे. पण तिकडेही सर्व गोड नव्हते, हे आपण विसरतो. पुढारी जे शिकवतील ते मुकाट्याने मानावे, असे तिथल्या वडीलधाऱ्यांना वाटे. रमाबाई मानीनात. जे आपल्या मनाला पटलेले नाही ते देवासमोर ओठांनी म्हणायचे नाही, हा त्यांचा हट्ट. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या लोकांना समजेल अशी भाषा का नको, इथवर त्यांनी वाद घातला. त्यांना गर्विष्ठ म्हणण्यात आले. मला त्यात गर्व दिसत नाही. उपाशीपोटी हजारो श्लोक म्हणून झालेल्या बाईला न समजलेल्या, न पटलेल्या शब्दांची भीती वाटणारच. बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे मन कोरडेच राहिले, धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांनी जगापुढे उघड कबूल केले. मन भरून आले ते 1891 च्या सुमारास, शारदा सदन सुरू झाल्यानंतर दोन वर्षांनी.

कोल्हापुरातून पुण्याला जाऊन सोलापूरच्या गाडीत बसले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. तिथे त्यांनी माळरान विकत घेतले. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. मुक्तिसदनात अशा जवळजवळ दोन हजार जणी झाल्या. कोणाची भावंडे रस्त्यावर मेलेली, कोणाला माणसांनी नासवलेले. रमाबाईंनी त्यांच्या चेहऱ्यांत स्वतःला पाहिले असेल, यात मला शंका नाही. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम आणि छपाई शिकवली. पण रात्री अंधारात या मुलींच्या मनात काय येत असेल, त्यावर चरखा आणि करघा काय करणार?

1905 च्या जून महिन्यात जे झाले त्याची वार्ता जगभर पोचली. प्रार्थनेला बसलेल्या मुली एकाएकी रडू लागल्या. एक नव्हे, शेकडो. एकाच वेळी, मोठमोठ्याने, प्रत्येकजण आपापले पाप, आपापले दुःख, आपापली भीती बोलू लागली. शांतपणे, डोळे मिटून, पुस्तकातून प्रार्थना करण्याची सवय असलेल्या पुष्कळ गोऱ्या पाहुण्यांना हा गोंगाट रुचला नाही, आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. रमाबाईंनी मुलींना गप्प बसवले नाही. आपल्या लोकांचा स्वभाव देवानेच असा भावनाशील केला आहे, तेव्हा त्यांनी आपल्या रीतीने त्याच्यापुढे रडावे, परक्यांच्या रीतीचे ओझे त्यांच्यावर नको, असे त्यांनी आपल्या पत्रिकेत लिहिले. अतिरेक काहीच झाला नाही असे मी म्हणत नाही. एवढ्या समुदायात तो व्हायचाच. पण ज्या पोरींना आईबाप गेले तेव्हा रडायलाही ताकद नव्हती, त्या इथे प्रथमच पोटभर रडल्या.

त्याच सुमारास त्यांनी शेवटचे मोठे काम हाती घेतले. संस्कृताची ही पंडिता उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकली आणि सबंध बायबल मराठीत आणू लागली. जुन्या भाषांतरातले जड शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. बायबलात दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतली कितीतरी नुसती गाऱ्हाणी आहेत. देवा, तू कुठे आहेस, इतका उशीर का, असे थेट विचारणारी. ती सोप्या मराठीत यावीत म्हणून या बाईने काय मेहनत घेतली असेल ते, भाकरी मागताना जिचा घसा दाटला होता तिलाच माहीत.

मनोरमा आईचा उजवा हात झाली होती. संस्था तिच्या हाती द्यायची होती. 24 जुलै 1921 रोजी तीही गेली. रमाबाईंना आता ऐकू फारच थोडे येई, प्रकृती ढासळली होती. तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. काम पुरे होईपर्यंत आयुष्य दे, असे त्यांनी देवापाशी मागितले असे सांगतात. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या. ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या आणि पाने बांधणाऱ्या मुक्तिसदनातल्याच मुली होत्या.