बॉयलरमधले तडे शोधणारं मशीन या डॉक्टरनं पेशंटच्या पोटावर लावलं, गरोदरपणातली सोनोग्राफी तिथूनच सुरू झाली

तारीख २१ जुलै १९५५. स्कॉटलंडमधल्या रेनफ्रूला बॅबकॉक अँड विलकॉक्स नावाची बॉयलर बनवणारी मोठी कंपनी होती. तिच्या दारात दोन गाड्या येऊन थांबल्या. डिकीत काय होतं? तर ऑपरेशन करून बायकांच्या पोटातून काढलेल्या गाठी.

त्या घेऊन आले होते ग्लासगो विद्यापीठातले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इयान डोनाल्ड. कंपनीतल्या एका डायरेक्टरच्या बायकोवर त्यांनी उपचार केले होते, त्या ओळखीवर हा प्रवेश मिळाला होता.

कारखान्यात लोखंडाच्या जाड पत्र्यात आत कुठे तडा गेलाय का, हे बघायचं एक मशीन असायचं. ते ध्वनिलहरी आत सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी स्क्रीनवर दाखवतं. या लहरी इतक्या उच्च वारंवारतेच्या असतात की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाहीत. डोनाल्ड यांचा प्रश्न साधा होता. लोखंडातला तडा दिसतो, तर मग पोटातली गाठ का दिसू नये? कंपनीनं तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडाही आणून ठेवला होता. पाणी भरलेली गाठ आणि घट्ट मांसाची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. डोनाल्ड खूश होऊन परतले.

हे डोक्यात आलं कुठून? १९१० साली कॉर्नवॉलमध्ये जन्मलेले डोनाल्ड शाळेच्या वयात दक्षिण आफ्रिकेत होते, मग लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधून १९३७ साली डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते. जळत्या, आत बॉम्ब असलेल्या विमानातून माणसं बाहेर काढल्याबद्दल त्यांना एमबीई मिळाला. रडार आणि सोनारची ओळखही तिथलीच. युद्धानंतर नवजात बाळांना श्वास देणारी यंत्रं बनवायच्या नादाला लागले, तेव्हा सहकारी त्यांना मॅड डोनाल्ड म्हणायला लागले.

पण खरं सांगायचं तर एकटे डोनाल्ड फार पुढे गेले नसते. गाठी बाहेर काढून तपासणं वेगळं आणि जिवंत माणसाच्या पोटावर लावणं वेगळं. हाताशी होतं ते मशीन या कामाला कच्चं होतं. इथे एंट्री होते टॉम ब्राऊन यांची. केल्विन अँड ह्यूज कंपनीतला विशीतला इंजिनिअर. एका हॉस्पिटलमध्ये दिव्याच्या कामाला गेला असताना त्याच्या कानावर आलं की कुणी एक प्रोफेसर तडे शोधायचं मशीन माणसांवर वापरतोय. त्यानं थेट डोनाल्ड यांना फोन लावला. मग कंपनीकडून चांगलं मशीन आलं, आणि जॉन मॅकविकार या तरुण डॉक्टरला धरून तिघांची टीम तयार झाली.

सुरुवातीला लोक हसायचे. ते हसणं थांबलं एका पेशंटमुळे. एका बाईला पोटाचा शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर आहे, आता काही होऊ शकत नाही, असं निदान झालं होतं. मशीननं वेगळंच दाखवलं: ती अंडाशयाची मोठी, पाण्यानं भरलेली गाठ होती. डोनाल्ड यांनी ती काढली आणि बाई बरी झाली. ७ जून १९५८ ला लॅन्सेट या साप्ताहिकात तिघांच्या नावानं पेपर आला. त्यात पोटातल्या बाळाची चित्रंही होती. त्याआधी ऑस्ट्रियात, अमेरिकेत अल्ट्रासाऊंडचे प्रयोग झाले होते, पण गरोदर बायकांच्या रोजच्या तपासणीत ही गोष्ट आली ती ग्लासगोमुळे. आणि वेळही तशीच होती. गरोदरपणात एक्स-रे काढल्यानं पुढे मुलांना कॅन्सर होऊ शकतो, हे ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ साली समोर आणलं होतं.

सोनोग्राफीआधी भरपूर पाणी पिऊन या, असं सांगतात ना? तेही इथलंच. भरलेल्या लघवीच्या पिशवीतून लहरी सहज आत जातात आणि मागचा गर्भ लवकर दिसतो, हे १९६३ च्या सुमारास डोनाल्ड यांच्या लक्षात आलं.

या सगळ्यात त्यांचं स्वतःचं हृदय मात्र साथ देत नव्हतं. झडपेच्या आजारामुळे त्यांच्यावर हृदयाची तीन ऑपरेशनं झाली. तरी १९७६ ला निवृत्त होईपर्यंत ते काम करत राहिले. ब्राऊन यांनी १९७० च्या दशकात थ्रीडी स्कॅनर बनवला, पण तो धंद्यात चालला नाही आणि त्यांना हे क्षेत्रच सोडावं लागलं. त्यांचं नाव आज किती जणांना माहितीये?

डोनाल्ड धार्मिक होते. ब्रिटनमध्ये १९६७ साली गर्भपाताचा कायदा आला, त्याला त्यांनी जाहीर विरोध केला. गर्भाची हालचाल दाखवायला ते आपल्याच मशीनची चित्रं वापरायचे. गंमत म्हणजे गर्भात दोष आहे का, हे आधी कळणं आणि त्यावरून गर्भपाताचा निर्णय घेणं, हेसुद्धा याच मशीनमुळे सोपं झालं.

१९ जून १९८७ ला त्यांचं निधन झालं. तोवर भारतात हे मशीन मुलगा की मुलगी हे बघायला वापरलं जात होतं आणि मुलींचे गर्भ पाडले जात होते. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, गर्भलिंग निदानाविरोधात कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा १९९४ ला आला. गर्भलिंग निदान इथे केलं जात नाही, अशी पाटी प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये लावणं आज कायद्यानं सक्तीचं आहे.