कुलाब्याचे नानाभाई मूस : ज्यांनी साठ वर्षांचे आकडे एका तक्त्यात बसवले

एक्सेलच्या दोन फाईल जोडायला बसलात आणि लक्षात आलं, की एकीत तापमान सेल्सिअसमध्ये आहे आणि दुसरीत फॅरनहाइटमध्ये. एकीत तारीख आधी, दुसरीत महिना आधी. मधले चार दिवस तर गायबच. अर्धा दिवस तिथेच जातो, हे ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

आता हाच प्रकार साठ वर्षांच्या नोंदींचा समजा. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. हे काम मुंबईच्या एका पारशी शास्त्रज्ञाने पार पाडलं. त्यांचं नाव नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस.

नानाभाईंचा जन्म १८५९ चा. पुण्यात इंजिनिअरिंग शिकले, मग एडिंबरोला जाऊन विज्ञानाची पदवी घेतली, परत येऊन एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं. १८९६ मध्ये चार्ल्स चेंबर्स वारले आणि कुलाबा वेधशाळेची सूत्रं नानाभाईंकडे आली. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक अशीच त्यांची ओळख करून दिली जाते.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. पुढे तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. आपले केरूनाना छत्रेही तरुणपणी इथेच कामाला होते. होकायंत्राची सुई एका जागी स्थिर दिसते, पण ती सतत बारीकशी हलत असते. ती किती हलली हे माणसं रात्रंदिवस ठरलेल्या वेळी डोळ्यांनी पाहून वहीत लिहीत. १८७२ पासून फोटोच्या कागदावर रेषा आपोआप उमटू लागली. म्हणजे आधीचे आकडे डोळ्यांनी घेतलेले आणि नंतरचे कागदावरच्या रेषेवरून मोजलेले. जोडायची पंचाईत इथूनच सुरू होते.

त्यात १९०० च्या सुमारास मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा वीजप्रवाह जमिनीतून फिरला की नाजूक सुया भरकटणार आणि नोंदी कचऱ्यात जाणार. पण शहराला ट्राम हवी होती, आणि त्यात चूक काही नव्हती. नानाभाईंनी ट्राम अडवत न बसता दुसरी जागा शोधली : समुद्रापलीकडचं अलिबाग, कुलाब्यापासून साधारण तीस किलोमीटरवर. तिथे लोखंड टाळून इमारत बांधली. पोरबंदरचा दगड, तांबं आणि पितळ वापरलं. एप्रिल १९०४ मध्ये अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या.

खरी हुशारी यापुढे आहे. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या.

का, ते यावलच्या उदाहरणाने बघू. समजा, यावलला वीस वर्षं रोजचं तापमान लिहिलं जातंय आणि उद्या तो तापमापक सातपुड्याच्या पायथ्याला हलवला. पुढच्या वर्षी आकडा दोन अंशांनी उतरला, तर हवा थंड झाली की जागा बदलली? केळीवाल्याला या दोन अंशांचं मोल चांगलं माहीत असतं, पण उत्तर वहीत कुठेच नाही. काही काळ दोन्हीकडे एकदम मोजलं असतं, तर जागेमुळे पडणारा फरक कळला असता. तेवढा हिशेबात धरला की जुनी आणि नवी वही एकमेकींना जोडता येते. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर हा फरक मोजून झाला होता.

मग नानाभाईंनी सगळ्याच नोंदी हातात घेतल्या. १८४६ ते १९०५ म्हणजे साठ वर्षं, सुमारे सव्वापाच लाख तास. १९१० मध्ये त्यांचे दोन जाडजूड खंड छापून आले. एकसारखी मांडणी, तासातासाचे आकडे, सरासऱ्या आणि सोबत त्यांची चर्चा. अशी पुस्तकं कुणी आवडीने वाचत नाही हे खरं. पण सूर्यावरून येणारी चुंबकीय वादळं समजून घेणाऱ्यांना ती फार उपयोगी पडली. नानाभाईंनी वेगवेगळी वादळं त्यांच्या सुरुवातीच्या क्षणापासून एकाखाली एक लावून पाहिली, त्यामुळे वादळाचा सर्वसाधारण आकार दिसू लागला. पुढे इंग्लंडच्या सिडनी चॅपमन यांनी वादळांवरच्या संशोधनात या कामाचा आधार घेतला.

नानाभाई १९१९ मध्ये निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये वारले. रॉयल सोसायटी ऑफ एडिंबरोचे ते फेलो होते. आपल्याकडे मात्र त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात क्वचितच भेटतं.

कुलाब्याच्या वह्या पुढेही कामी आल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये, म्हणजे नानाभाईंच्या जन्माच्याच वर्षी, सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांतून ठिणग्या उडवल्या होत्या. ते नेमकं किती मोठं होतं? २००३ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी कुलाब्याचे जुने आकडे काढले. त्यात चुंबकत्वाची आडवी ताकद सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेली दिसली. तुलनेसाठी सांगायचं तर मार्च १९८९ चं वादळ याहून बरंच लहान होतं, तरी त्याने कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या साठ लाख लोकांची वीज काही तास घालवली.

अलिबागची वेधशाळा आजही समुद्रकिनाऱ्याजवळ चालू आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते, आणि तिथले आकडे आता फाईलच्या रूपात जगभरातल्या संशोधकांकडे जातात.