मुंबई भाड्याने घेणारा झाडवेडा डॉक्टर

तुमच्या गॅलरीत सध्या काय काय आहे? मॉन्स्टेरा असेल, अडेनियम असेल, एखाद्याकडे ड्रमात लावलेलं ड्रॅगन फ्रूटही असेल. बाहेरून आलेलं झाड म्हटलं की आपल्याला हेच आठवतं. आता जरा उलटा विचार करा. साडेचारशे वर्षांपूर्वी एका माणसासाठी आंबा, फणस, कोकम आणि दारातला पारिजातक ही झाडं तितकीच नवलाईची होती. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता.

त्याचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो दे व्हिदे या गावातला. आईवडील मूळचे स्पेनचे ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, ते पोर्तुगालला आले, तर पाच वर्षांत तिथेही सक्तीने ख्रिस्ती व्हावं लागलं. पोरगा हुशार. सालामांका आणि अल्काला इथे वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. चांगली नोकरी होती, तरी १५३४ च्या मार्चमध्ये तो जहाजात बसला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय येणार अशी तेव्हा हवा होती. दोन वर्षांनी ते आलंच.

गोव्यात त्याची प्रॅक्टिस जोरात चालली. गव्हर्नरपासून सगळे त्याचे पेशंट. आपल्याला जवळचं वाटेल ते हे की, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही तो उपचाराला जायचा. दोघांची दोस्ती अशी की, निजामशहा त्याला औषधांची आणि आजारांची अरबी नावं शिकवायचा आणि हा त्याला लॅटिन.

पण त्याचा खरा जीव बागेत. गोव्यातल्या घराला लागून त्याने औषधी झाडं लावली होती. बी-रोपं कुठून मिळवायची? व्यापाऱ्यांकडून, खलाशांकडून, रुग्णांकडून. एखाद्या झाडाबद्दल शंका आली की तो मालुपा नावाच्या हिंदू वैद्यालाही विचारायचा. घरात अंतोनिया नावाची दासी होती. हवं ते पान, फळ बागेतून आणून देण्याचं काम तिचं. त्याच्या पुस्तकात तिचं नाव आहे, पण तिला त्या घरात राहायचं होतं का, हे तिला कुणी विचारलं नसणार.

पुढे पोर्तुगीज सरकारने त्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिलं. हो, अख्खं बेट! वर्षाला चौदाशेच्या वर पर्दाव भरायचे आणि वापरायचं. आज बदलापुरात वन-बीएचकेचं डिपॉझिट भरताना घाम फुटतो, ते सोडा. तिथे त्याचं घर होतं, बाग होती आणि वर्षातून दोनदा फळणारं एक आंब्याचं झाड होतं. त्याचे आंबे गोव्यापर्यंत जायचे.

१५६३ मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापून झालं. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांतलं हे एक. छपाईच्या चुका एवढ्या की शुद्धिपत्रच पानंच्या पानं चालतं. (इंटर्नशिपवर प्रूफं तपासणाऱ्या आमच्यासारख्यांना यात फार दिलासा आहे.) विद्वानांची भाषा लॅटिन, पण याने पोर्तुगीजमध्ये लिहिलं आणि तेही गप्पांच्या रूपात. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर जुन्या ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता त्याला डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. ग्रंथ चुकला असेल तर सरळ चुकला म्हणतो. त्या काळात हे सोपं नव्हतं.

एकेका झाडाची तो पाच-सहा भाषांतली नावं देतो. पारिजातकाची सूर्यावर भाळलेल्या मुलीची गोष्टही सांगतो. मलाक्क्याहून नुकत्याच आलेल्या जांबाची नोंद करतो. कॉलऱ्याच्या प्रकरणात त्याने जो स्थानिक शब्द टिपलाय, तो म्हणजे आपल्या आजीच्या तोंडची मोडशी! जांभळाचं मात्र त्याला कौतुक नाही. पिकलेल्या ऑलिव्हसारखं दिसणारं तुरट फळ, एवढ्यावर निकाल. बदलापूरची जांभळं त्याला कुणी दिली नसावीत.

सगळ्याची मुळं शोधणारा हा माणूस स्वतःच्या मुळांबद्दल मात्र जन्मभर गप्प राहिला. त्याचं घर गुपचूप ज्यू धर्म पाळत होतं. १५६० मध्ये धर्मन्यायालय गोव्यातही येऊन पोहोचलं. बड्या ओळखींमुळे तो वाचला आणि १५६८ मध्ये घरीच वारला. वर्षभरात त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आलं. १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली.

पुस्तक तोवर हातातून निसटलं होतं. क्लुसियस या युरोपी वनस्पतीतज्ज्ञाला त्याची प्रत मिळाली आणि १५६७ मध्ये अँटवर्पहून लॅटिन संक्षेप निघाला. युरोपातल्या अभ्यासकांना आपली झाडं त्यातून कळत गेली.

पणजीला चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव दिलं होतं. पण तेवढं लांब कशाला? सकाळची लोकल पकडून सीएसएमटीला उतरा आणि टाउन हॉलपर्यंत चालत जा. त्याच्या मागे, नौदलाच्या आयएनएस आंग्रे तळाच्या आत, ओर्ताच्या घराची जागा आहे. नौदलाचा तळ असल्याने सहज आत सोडत नाहीत. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसा आणि मागे कुठेतरी ते दोनदा फळणारं झाड होतं, एवढं लक्षात असू द्या.