लंडनच्या घरातला समुद्र

आमटी आटली की खारट होते. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियमचंही तसंच. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून हौशी मंडळी त्यात गोडं पाणी घालतात, क्षार मोजतात, परीक्षानळीत थेंब टाकून रंग ताडून बघतात. अमोनिया शून्य हवा, पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास. पण मैत्रिणींनो, यातलं काहीच हाताशी नसताना एका बाईंनी घरात समुद्र जगवून दाखवला. त्या लेडी ॲना थिन.

जन्म १८०६ चा. यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठे धर्माधिकारी. १८४६ मध्ये ॲनाबाई टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तिथल्या जिवंत प्रवाळांच्या प्रेमातच पडल्या. सुई-दोऱ्यानं ते स्पंजला टाचले, बरोबर समुद्राचं पाणी घेतलं आणि थेट घरी आणले!

आता लंडनमध्ये समुद्र कुठला? आणलेलं पाणीच पुन्हा पुन्हा वापरायचं. साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड आणि घाण वाढते. वरून मात्र पाणी नितळच दिसतं. पाणी बिघडलं की प्रवाळ मिटून बसतात, तेवढीच काय ती खूण.

बाईंनी युक्ती काढली. त्यांच्याकडे कामाला एक लहान मुलगी होती. उघड्या खिडकीपाशी उभी राहून ती अर्धा-पाऊण तास पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. चहा गार करतो ना, अगदी तसं! त्यानं पाण्यात हवा मिसळायची. पुढे १८४७ मध्ये बाईंनी त्यात जिवंत समुद्रशेवाळ सोडलं. उजेडात शेवाळ प्राणवायू देतं, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया शोषतं. ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले, त्यांना पिल्लंही झाली.

१८५४ मध्ये फिलिप गॉस यांच्या पुस्तकानं 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला, नावही त्यांचंच झालं. ॲनाबाईंची निरीक्षणं छापून आली ती १८५९ मध्ये. १८६६ मध्ये त्या गेल्या.

त्यांचं नाव निदान उरलं तरी. पाणी ओतून हात भरून आलेल्या त्या पोरीचं नाव कुठंच नाही. आज तिचं काम विजेचा पंप करतो. तो घरघरला की तिचीही आठवण काढायला हवी, नाही का?