डॉ. रखमाबाई आणि आमची नववी ‘ब’

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. ३१ वर्षं उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून काढलेल्या बाईला रजिस्टरं भरायची सवय, लेख लिहायची नाही. वनभोजन, स्नेहसंमेलनातली फजिती, पी.टी.च्या तासाला पोटात दुखणं या आठवणी बाकीच्या मैत्रिणी माझ्यापेक्षा छान लिहितील. मला डॉ. रखमाबाईंबद्दल लिहायचं आहे. आपल्याला इतिहासात आनंदीबाई जोशी होत्या, सावित्रीबाई होत्या. रखमाबाई कुणी शिकवल्या नाहीत. मला त्या भेटल्या निवृत्तीनंतर, तालुक्याच्या वाचनालयात. पुस्तक दोन रात्रींत संपलं, पण डोक्यातून काही गेलं नाही. त्याला कारण आपल्या नववी ‘ब’चं आहे. ते पुढे सांगते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४चा, मुंबईतला. समाज सुतारांचा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई विधवा झाली तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती आणि पदरात लहानगी मुलगी. या समाजात विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आडकाठी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. लग्नाआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता तिनं मुलीच्या नावावर करून दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या भानगडीच्या तळाशी ही मालमत्ताही होती.

सखाराम अर्जुन हा मोठा माणूस. डॉक्टर होते, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते, आणि १८८३ मध्ये मुंबईत जी नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली तिच्या संस्थापकांत होते. पण इतक्या शिकलेल्या घरातही रखमाचं लग्न अकराव्या वर्षी झालंच. घरी सावत्र बाप डॉक्टर असला म्हणून जात, नातेवाईक, रूढी थोड्याच सुटतात? नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस वर्षांचा. ठरलं असं होतं की जावयानं सासऱ्यांकडे राहायचं, शिकायचं, मार्गाला लागायचं. वर्षाच्या आतच मुलगी शहाणी झाली. आता गर्भाधान करून टाका, असा लकडा सुरू झाला. सखाराम अर्जुन डॉक्टर होते. त्यांनी साफ नकार दिला. एवढ्या कोवळ्या शरीरावर काय बेततं ते त्यांना ठाऊक होतं.

मी इथे थोडी थांबते. मीही बाळंतपणं केली आहेत. सोळा-सतराच्या मुलींची. त्यांची हाडं नीट भरलेली नसतात, अंगात रक्त नसतं, आणि कळा सुरू झाल्या की त्या आईला हाक मारतात. नवऱ्याला नाही, डॉक्टरला नाही, आईला. सखाराम अर्जुनांनी तेव्हा पाय रोवले नसते तर पुढची रखमाबाई घडली असती का, कोण जाणे.

दादाजीचं शिक्षण काही झालं नाही. तो मामाच्या घरी राहायला गेला, आजारी पडला, कर्जात बुडाला. इकडे रखमा घरीच वाचत होती. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं यायची. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या, आर्य महिला समाजाच्या बैठकांना जाणं व्हायचं. वर्षं जात होती तसं तिचं मन पक्कं होत होतं: या माणसाकडे नांदायला जायचं नाही. १८८४ मध्ये दादाजीनं वकिलामार्फत पत्र पाठवलं आणि पाठोपाठ मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला, माझी बायको माझ्या ताब्यात द्या म्हणून.

खटला उभा राहिला तेव्हा रखमाबाई विशीत होत्या. १८८५ च्या एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले. ज्यांच्या जोरावर इतकं धाडस केलं, तो माणूसच गेला. त्यानंतर दोनच महिन्यांनी मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एका हिंदू स्त्रीच्या नावानं पत्र छापून आलं. बालविवाहानं मुलीची अक्षरओळख कशी तुटते, तिचं मन कसं खुंटतं, याविषयीचं ते पत्र होतं. लिहिणारी कोण ते लोकांना नंतर कळलं. वडिलांचं सुतक ताजं, कोर्टात खटला, आणि ही बाई आपलं रडगाणं न गाता सगळ्या मुलींचा विषय काढते! सप्टेंबरात दुसरं पत्र आलं, विधवांच्या हालांबद्दल.

२१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. त्यांचा मुद्दा मला फार आवडतो. दावा होता संसार पुन्हा सुरू करून देण्याचा. पण हे दोघं कधी एकत्र राहिलेच नव्हते. जे सुरूच झालं नाही ते पुन्हा सुरू करा असं कोर्ट कसं सांगणार? शिवाय लग्न झालं तेव्हा ही अजाण पोर होती, तिला कुणी विचारलं होतं? ज्या कायद्याच्या आधारानं दावा केला होता तो मुळात इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला. आपल्या धर्मशास्त्राचाही नव्हे. आणि गंमत बघा, हुकूम न मानणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकायची तरतूद खुद्द इंग्लंडनं १८८४ मध्येच काढून टाकली होती. इथे ती चालूच होती.

या निकालावर जे वादळ उठलं त्यात चांगली चांगली माणसं होती. टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं कडाडून विरोध केला. परक्या न्यायाधीशानं आमच्या धर्मात हात घालू नये, शिकलेल्या बायका अशाच बिघडणार, असा एकूण सूर. टिळकांविषयी मला लहानपणापासून आदर आहे, आजही आहे. पण हे वाचताना वाईट वाटलं ते वाटलंच. बाजूनं उभे राहिले त्यांत बेहरामजी मलबारी होते, आणि रखमाबाईंच्या मदतीसाठी एक समितीही झाली.

दादाजीनं अपील केलं. वरच्या न्यायाधीशांनी पिन्हेंचा निकाल फिरवला आणि खटला परत खाली पाठवला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली.

तारखा बघताना मला एक गोष्ट दिसली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. वय एकवीस. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि एकाही रुग्णाची नाडी न बघता गेल्या. त्यानंतर सहाच दिवसांनी बावीस वर्षांच्या रखमाबाईंना कोर्टानं तुरुंग दाखवला. एकीला नवऱ्यानं हट्टानं शिकवलं, दुसरीला नवऱ्यापासून सुटण्यासाठी लढावं लागलं. त्या आठवड्यात मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रं वाचणाऱ्या एखाद्या शिकणाऱ्या मुलीला काय वाटलं असेल?

तुरुंगाची वेळ आली नाही. पुन्हा अपील, खर्च, चर्चा असं होत होत १८८८ च्या जुलैत तडजोड झाली. दादाजीनं २००० रुपये घेतले आणि हुकूम बजावणार नाही असं कबूल केलं. राणी व्हिक्टोरियानं हे लग्न मोडलं, अशी एक गोष्ट आपल्या मोबाईलवर दर महिला दिनाला फिरते. तसं काही नाही. चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर पैसे मोजून सुटका झाली, इतकं साधं. दादाजीनं पुढं दुसरं लग्न केलं.

आता खरी रखमाबाई सुरू होते, आणि लोक नेमके इथेच पुस्तक मिटतात. खटला जिंकला-हरला यापेक्षा सुटका झाल्यावर ती काय करते हे मला बघायचं होतं. मुंबईच्या कामा हॉस्पिटलात तेव्हा डॉ. एडिथ पेची होत्या. बायकांना डॉक्टरकी शिकू द्या म्हणून एडिंबराच्या विद्यापीठात भांडलेल्या ज्या पहिल्या मुली, त्यांतली ही एक. तिनं रखमाबाईंना तू डॉक्टर हो म्हणून प्रोत्साहन दिलं आणि पैशांची जमवाजमव सुरू केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. १८८९ मध्ये रखमाबाई विलायतेला गेल्या आणि लंडनच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. घरी वाचून शिकलेली ही बाई, शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र परक्या भाषेत शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाली. तोवर इकडे १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा होऊन ते दहाचं बारा झालं होतं. त्या कायद्यामागच्या चर्चेत रखमाबाईंचा खटला होता आणि कलकत्त्याची फुलमणी दासी ही अकरा वर्षांची पोर होती, जी लग्नानंतर नवऱ्याच्या हातून मेली.

परत आल्यावर सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात त्या रुजू झाल्या. मुंबईत राहिल्या असत्या तर नाव झालं असतं, सभांना बोलावणी आली असती. त्या सुरतेला गेल्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नाहीत, मरण आलं तरी दवाखान्याची पायरी चढत नाहीत, अशा काळात तिथे बसून राहणं म्हणजे काय ते मला थोडंफार समजतं. उपकेंद्रावर पहिले सहा महिने माझ्याकडेही कुणी बाळंतपणाला येत नव्हतं, सगळ्या सुइणीकडे. विश्वास बसायला वेळ लागतो आणि तो वेळ कुठल्याही अहवालात धरत नाहीत. १९१८ मध्ये सरकारच्या महिला वैद्यकीय सेवेत मोठी जागा देऊ केली होती. ती नाकारून त्या राजकोट संस्थानच्या बायकांच्या इस्पितळात गेल्या. सुरत आणि राजकोट मिळून सुमारे पस्तीस वर्षं. १९३० च्या आसपास निवृत्त होऊन मुंबईला आल्या आणि मग पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली.

एक गोष्ट मला कितीतरी दिवस पटली नाही. १९०४ मध्ये दादाजी वारला तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा वेश घेतला. ज्या लग्नाला त्यांनी जन्मभर लग्न मानलं नाही, त्याचं वैधव्य मात्र घेतलं! पुस्तक मी रागानं बाजूला ठेवलं होतं. मग वाटलं, सुरतेच्या ज्या बायका त्यांच्याकडे येणार होत्या त्यांना ही डॉक्टरीण कोण, हे पांढऱ्या लुगड्यानं लगेच कळलं असेल, आणि दाराशी अडखळणारी एखादी आत आली असेल. हा माझा तर्क. मनातलं त्यांनाच ठाऊक. लग्न त्यांनी पुन्हा केलं नाही.

२५ सप्टेंबर १९५५ ला त्या गेल्या, नव्वदी पार करून. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला आणि देशभरातल्या हिंदू बायकांना घटस्फोट मागता येऊ लागला. त्याच कायद्यात नांदायला पाठवण्याचा दावाही कलम ९ म्हणून राहिला. आजही आहे.

आता नववी ‘ब’. १९७७ ची दिवाळीची सुट्टी संपली, तुळशीचं लग्न झालं आणि तिसऱ्या बाकावरची माझ्या शेजारची मुलगी शाळेत आली नाही. नाव लिहीत नाही, वर्गातल्यांना कळेल. गणितात ती आपल्या सगळ्यांच्या पुढे होती. सुट्टीआधी मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीपाशी तिनं मला सांगितलं होतं की तिचं ठरलंय, तिला करायचं नाही, आणि वर्गशिक्षिका बाईंना मी सांगावं. तिला स्वतःला धीर होत नव्हता. मी हो म्हटलं. दोनदा शिक्षक खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मोठ्यांच्या भानगडीत आपण कशाला पडा, असं वाटलं. बाईंनी काही केलं असतं की नाही मला माहीत नाही, पण मी सांगितलं नाही हे मला माहीत आहे. तिला चौदावं संपायचं होतं. तेव्हा कायद्यानं मुलीला पंधरा पुरायची. अठराची अट आली ती पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये. हजेरीपटात तिच्या नावावर लाल शाईची रेघ आली आणि शेजारची जागा मार्चपर्यंत रिकामी राहिली.

रखमाबाईंच्या गोष्टीत मला पुन्हा पुन्हा सखाराम अर्जुन आणि एडिथ पेची दिसत राहतात, ते यामुळे. नाही म्हणणारी पोर एकटी होती खरी, पण तिचं ‘नाही’ ऐकून पुढं पोचवणारं कुणीतरी घरात होतं, कुणीतरी दवाखान्यात होतं.

मेळाव्यासाठी आपल्या बॅचची यादी आली, १९७९ च्या दहावी उत्तीर्णांची, ३८ नावं. तिचं नाव त्यात असणार नव्हतंच. मी तिच्या माहेराहून नंबर मिळवला आणि मागच्या रविवारी फोन केला. आवाज लगेच ओळखला तिनं. टाकीपाशी काय बोलणं झालं होतं ते तिला आठवतं का, हे विचारायचं ठरवून फोन केला होता. विचारलं. आठवतं म्हणाली, आणि मग दुसरंच बोलायला लागली. नातीची यंदा दहावी आहे, गणित ती स्वतःच घेते तिचं. मेळाव्याला येईन म्हणाली, पण शनिवारी नातीची चाचणी परीक्षा आहे, ती झाली की निघेन, जेवणाच्या वेळेपर्यंत पोचेन.

संपादक मंडळाला विनंती: यादी छापून झाली असेल तर तिचं नाव मी हातानं लिहीन. एक ताट मात्र वाढवून ठेवा.