केरीसाहेब व त्यांचे शास्त्रीबोवा

डॉ. विल्यम केरी ह्यांचे नाव आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. इंग्लंडात जोडे शिवणारे हे गृहस्थ १७९३ साली बंगाल्यात उतरले व १८३४ साली श्रीरामपूर येथेच प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. महाराष्ट्रात ते कधी आले नाहीत. मग त्यांस मराठी कोणी शिकविली?

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात वैजनाथशास्त्री नावाचे मराठी पंडित होते. केरीसाहेब तेथेच बंगाली व संस्कृत शिकवीत. तरी चाळिशी उलटल्यावर शास्त्रीबोवांपुढे शिष्य होऊन बसण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. त्या सहवासात १८०५ साली मराठी व्याकरण व १८१० साली मोडी अक्षरांत कोश छापून निघाला. १८११ साली श्रीरामपुरास नवा करारही मराठीत छापला गेला. त्याची भाषा इकडील लोकांस अवघड वाटे, हे खरे. म्हणून पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांस भाषांतर नव्याने करावे लागले. परंतु वाट पाडणारे पहिले.

चिंचवड-चाकणकडील उपासनांत केरीसाहेबांसाठी उपकारस्तुती होते. शास्त्रीबोवांचे नाव मात्र आम्ही सेमिनरीत असतानाही ऐकले नव्हते. साहेबांनी ते व्याकरणाच्या प्रस्तावनेतच कृतज्ञतेने नमूद करून ठेविले होते.