पेन्सिलीने लिहिलेली पाच पाने

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जानेवारी १९६२ मध्ये फ्लोरिडा राज्यातील रेफर्डच्या तुरुंगातून एक पाकीट आले. आत पेन्सिलीने लिहिलेली पाच पाने होती. शुद्धलेखनाच्या चुका जागोजागी होत्या. मागणी मात्र स्वच्छ होती. क्लॅरेन्स अर्ल गिडियन या ५१ वर्षांच्या कैद्याचा हेबियस कॉर्पस अर्ज फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला होता आणि त्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची परवानगी त्याला हवी होती. वकील नव्हता, शुल्कापुरतेही पैसे नव्हते.

गिडियनचा जन्म ३० ऑगस्ट १९१० रोजी मिसुरी राज्यातील हॅनिबल येथे झाला. मार्क ट्वेनचे बालपण गेले ते हे गाव. तीन वर्षांचा असताना वडील वारले. आठवीनंतर शिक्षण सुटले, किशोरवयातच त्याने घर सोडले आणि चोरीच्या गुन्ह्यात सुधारगृहाची वाट पाहिली. पुढची अनेक वर्षे मिळेल ते काम, भटकंती, लहानमोठ्या चोऱ्या आणि तुरुंग यांतच गेली. हिंसाचाराचा डाग मात्र त्याच्यावर नव्हता.

३ जून १९६१ रोजी पहाटे फ्लोरिडातील पनामा सिटी येथे एक पूलरूम फोडण्यात आली. चोरट्याने यंत्रांतील नाणी, बिअर आणि थंड पेये लांबवली. गिडियनला तेथून बाहेर पडताना पाहिल्याचे एका साक्षीदाराने सांगितले आणि त्याला अटक झाली. ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला तेव्हा त्याने न्यायालयाकडे वकील मागितला. देहदंडाची शिक्षा असलेल्या खटल्यांतच सरकारी खर्चाने वकील देण्याची फ्लोरिडाच्या कायद्यात तरतूद होती. न्या. रॉबर्ट मॅक्‌क्ररी यांनी त्यावर बोट ठेवून मागणी नाकारली. गिडियनने उलटतपासणी घेतली, ज्यूरीपुढे आपली बाजूही मांडली. परंतु कोणता प्रश्न कोठे विचारायचा, याची जाण त्याला असणे शक्य नव्हते. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगाच्या ग्रंथालयात त्याने कायद्याची पुस्तके वाचली. १९४२ च्या बेट्स विरुद्ध ब्रेडी निकालानुसार, आरोपीची काही विशेष परिस्थिती असल्याखेरीज राज्यांवर वकील देण्याचे बंधन नव्हते. निरक्षरता किंवा मनोदौर्बल्य असे कोणतेही कारण गिडियनने पुढे केले नाही. वकिलाविना झालेला खटला न्याय्य असूच शकत नाही, एवढाच त्याचा मुद्दा होता. एका तपापूर्वीच्या नव्हे, तर दोन दशके टिकलेल्या निकालालाच हे आव्हान होते.

सर्वोच्च न्यायालयाने जून १९६२ मध्ये परवानगी दिली आणि त्याची बाजू मांडण्यासाठी वॉशिंग्टनमधील नामवंत वकील एब फोर्टास यांची नेमणूक केली. हेच फोर्टास पुढे त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले. फ्लोरिडाने इतर राज्यांकडे पाठिंबा मागितला. पण अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायना वगळता कोणी पुढे आले नाही. उलट २० हून अधिक राज्ये गिडियनच्या बाजूने उभी राहिली. १८ मार्च १९६३ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला वकील देणे राज्यावर बंधनकारक आहे. निकालपत्र न्या. ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले. बेट्स प्रकरणात २१ वर्षांपूर्वी त्यांनीच विरोधी मत नोंदवले होते.

तरीही गिडियन निर्दोष ठरला नव्हता; त्याला केवळ फेरसुनावणी मिळाली होती. नागरी हक्क संघटनेने पाठवलेले वकील त्याने नाकारले आणि स्थानिक वकील फ्रेड टर्नर यांची निवड केली. ऑगस्ट १९६३ मध्ये त्याच गावात, त्याच न्यायाधीशांसमोर, त्याच मुख्य साक्षीदाराच्या साक्षीवर खटला पुन्हा चालला. टर्नर यांनी उलटतपासणीत त्या साक्षीदाराच्या विश्वासार्हतेलाच सुरुंग लावला. गिडियनला पहाटे नेणाऱ्या टॅक्सीचालकाची साक्षही कामी आली. सुमारे तासाभरात ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. फरक होता तो वकिलाचा. एकट्याने झगडणाऱ्या या माणसाने सिद्ध केले ते हेच, की न्यायालयात एकट्याने झगडणे पुरेसे नसते.

या निकालानंतर एकट्या फ्लोरिडात सुमारे दोन हजार कैदी सुटले आणि राज्यात सरकारी बचाव वकिलांची व्यवस्था उभी राहिली. महाराष्ट्रातील एका कैद्याच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क मान्य केला, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी गिडियन खटल्याचा दाखला घेतला होता.

गिडियन मात्र पुन्हा सामान्य आयुष्यात हरवला. १८ जानेवारी १९७२ रोजी फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले. हॅनिबलमधील त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो १९८४ मध्ये बसवण्यात आला, ज्या संघटनेचे वकील त्याने नाकारले होते तिच्याच पुढाकाराने.